टीव्हीची किल्ली कोणाकडे

लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत ज्या घरांवर सुरुवातीला टीव्हीचे अँटेना चढले, त्या सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र आलं आणि मुंबईचा कार्यक्रम पुण्याच्या बाजूने मावळात उतरला. आम्हा लोणावळेकरांना मुंबई गाडीने जवळची, पण मध्ये बोरघाट उभा. त्यामुळे मुंबईतल्या निवेदिका आमच्याकडे सिंहगडावरून वळसा घेऊन येत. आल्या तर येत. जून ते सप्टेंबर त्यांचा भरवसा नसे.

आमच्या पिढीला, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या इथल्या पोरांना, टीव्ही म्हटलं की आधी एक लाकडी कपाट आठवतं. चार तिरके पाय, पुढे दोन सरकती शटरं, मध्ये कुलूप. भांगरवाडीतल्या आमच्या घरी त्या कुलपाची किल्ली आबांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. आबा रेल्वेत होते, वेळापत्रक त्यांच्या रक्तात. गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी पिक्चर, रविवारी हिंदी. बातम्या आबांच्या. ‘आमची माती आमची माणसं’ आबांचा आणि नाणे मावळातून तांदूळ घेऊन आलेल्या चुलत्यांचा. ‘गजरा’ सगळ्यांचा. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागलं की आम्ही मुलं आपसूक उठायचो, तिथे किल्लीची गरज पडत नसे.

अँटेनाला हात लावायचा अधिकार मात्र दादाचा. तो मंगलोरी कौलांवर उभा, ताई खिडकीत आणि मी टीव्हीसमोर. मी ओरडायचे, “आला!” ताई तेच वर पोचवायची. तोवर चित्र गेलेलं असायचं. ताईचं आजही म्हणणं आहे की तिने निरोप कधीच उशिरा पोचवला नाही. दादाचं म्हणणं वेगळं आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसांनी दिवाळीच्या फराळावर या विषयावरून आवाज चढवावा, हे आमच्या सुनांना आणि जावयांना कळत नाही. त्यांच्याकडे केबल होती.

टीव्हीला परवाना लागायचा आणि त्याचे पैसे पोस्टात जाऊन भरावे लागायचे, हे आमच्या मुलांना खरंच वाटत नाही. १९८५ साली ती पद्धत गेली. म्हणजे घरात शटरला किल्ली आणि घराबाहेर पोस्टातलं पुस्तक, अशा दोन दरवाजांतून चित्र आमच्यापर्यंत यायचं. शिवाय ‘व्यत्यय’ नावाची पाटी होतीच. ती लागली की घरात कोणालाच काही करता येत नसे, म्हणून चहा होत असे.

रंग आले १९८२ मध्ये, एशियाडच्या निमित्ताने. आमच्याकडे नाही, देशात. आमच्याकडे रंग आले ते भाड्याने. गणपतीत किंवा कोणाच्या तरी हळदीच्या रात्री ‘व्हिडिओ आणायचे’. व्हिडिओ आणणे म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर, तीन कॅसेट आणि या सगळ्यासोबत एक माणूस. तो माणूस महत्त्वाचा. तो रात्रभर यंत्राशेजारी बसायचा, चित्रावर रेघा आल्या की ट्रॅकिंगचं चाक फिरवायचा, हेड घाण झालं की स्पिरिटचा बोळा लावायचा, आणि कोणी पोर जवळ गेलं की नुसतं बघायचा. आबांच्या नजरेपेक्षा ती नजर कडक होती, कारण त्याने मागे डिपॉझिट ठेवलेलं असायचं. तिसरा पिक्चर संपेपर्यंत अंगणात जागे फक्त तो आणि आमचे चुलते. चुलत्यांना पहाटे शेतावर जायचं असलं तरी पैसे दिलेत म्हणजे पिक्चर पूर्ण बघायचा, हा त्यांचा हिशोब.

मग आत्याचे यजमान आखातातून परतले आणि व्हीसीआर कुटुंबातच आला. आत्याचं सासर वडगावचं. लोणावळा ते वडगाव लोकलने जायचं आणि ‘अशी ही बनवाबनवी’ पुन्हा बघून यायचं, ही आमच्या दहावी-बारावीच्या सुट्ट्यांमधली सहल. मामांकडे नव्हता म्हणून तळेगावची भावंडंही तिथेच येत. आत्याने एक वही केली होती. कॅसेट क्रमांक, त्यावर काय आहे, किती वाजल्यापासून. ई-१८० कॅसेटवर तीन तास मावायचे, अर्ध्या वेगाने भरलं तर सहा. चित्र थोडं मऊ पडे, पण सहा तास म्हणजे सहा तास. पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची जीभ मोडायची, आणि पुढे मन बदललं की त्या खाचेवर सेलोटेप चिकटवायची. आत्याच्या घरात किती भांडणं त्या सेलोटेपने झाली, याची नोंद वहीत नाही.

आमच्या आधीच्या पिढीची लग्नं काळ्यापांढऱ्या अल्बमात आहेत, पुढच्या पिढीची ड्रोनने वरून घेतलेली. आमची व्हीएचएसवर. मंगल कार्यालयात शिरताना व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे सनगन धरलेला पोरगा. त्या उजेडात नवरीच्या कपाळावर घाम, मुंडावळ्यांची सावली भिंतीवर, आणि पंगतीत घास तोंडापर्यंत नेलेला माणूस जागीच थिजलेला. नंतर ती कॅसेट मिक्सिंगला जायची. तिकडून परत यायची तेव्हा बदामाच्या आकारात नवरा-नवरी, फुलाच्या पाकळ्या उघडतात तसं मंगलाष्टकांचं दृश्य, आणि सगळ्यावर हिंदी सिनेमाची गाणी. माणसांचे आवाज पुसलेले. तेव्हा कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. उलट गाणी चांगली निवडली म्हणून व्हिडिओवाल्याला वरचे पैसे दिले गेले.

पुढचा पंचवीस वर्षांचा काळ पटकन सांगण्यासारखाच आहे. केबल आली. गच्ची, नारळ, विजेचा खांब असं करत वायर घरात शिरली आणि रात्री केबलवाला स्वतःच्या व्हीसीआरवर लावेल तो पिक्चर सगळी आळी बघू लागली. त्याच्याकडे फोन करून फर्माईश करणारी एक ठरावीक काकू प्रत्येक आळीत असे. व्हीसीडी आली, एक सिनेमा दोन तबकड्यांत, कारण एका तबकडीवर चौऱ्याहत्तर मिनिटंच मावायची, आणि तबकडी नेमकी गाण्याच्या मधोमध संपायची. १९९८ मध्ये ‘गुलाम’मधल्या एका गाण्याने खंडाळ्याचं जे व्हायचं ते केलं. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा जुने मराठी सिनेमे आम्ही भाजीच्या पिशवीतून घरी आणले. मग भिंतीवर सपाट टीव्ही लागला, त्यात इंटरनेट आलं, आणि घरात नवीन प्रश्न निघाला. हा पासवर्ड कोणाचा आहे?

किल्लीवाला आता आम्हाला ओळखत नव्हता, एवढाच फरक. आज यादीत असलेला सिनेमा पुढच्या महिन्यात गायब. माई, म्हणजे आमची आई, एकदा म्हणाली की तिचा ‘सामना’ कोणी तरी घेऊन गेलं. तिला वाटलं शेजारच्यांनी कॅसेट नेली.

लोणावळ्यात याहून वेगळीही अडचण आहे. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. लाईट जाते, नेट जातं, झाड वायरवर पडतं. बाहेर पाय ठेवता येत नाही अशा नेमक्या त्या दिवसांत टीव्हीवर काही बघावंसं वाटतं आणि तेव्हाच पडद्यावर गोल फिरत राहतं. घरातल्या घरात फायली ठेवल्या आणि राऊटर इन्व्हर्टरवर टाकला, तर बाहेरचं नेट असलं काय नि नसलं काय. घरच्या सर्व्हरची कल्पना आमच्याकडे हौसेतून कमी आणि आषाढातून जास्त आली.

दुसरं कारण ट्रंकेत होतं. आत्या गेल्यावर तिच्या कॅसेट आमच्या माळ्यावर आल्या होत्या. वडगावच्या हवेत त्या टिकल्या होत्या. भांगरवाडीत दोन पावसाळ्यांत कॅसेटच्या खिडकीतून आतल्या रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसू लागले. पूर्वी इथे कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर चाळीसचा बल्ब जळत ठेवायचे, ते उगाच नव्हे. बुरशी लागलेली कॅसेट तशीच लावली तर हेडही खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच बाधा. म्हणून आधी सुकवणं, मग हाताने रीळ फिरवत मऊ कापडाने पुसणं, आणि हे सगळं पाडव्यानंतर, वळवाच्या आधी. चालू व्हीसीआर पुण्याच्या तपकीर गल्लीतून शोधून लोकलने लोणावळ्यात आणला. दादाने तो मांडीवर घेऊन खिडकीशी बसून आणला, त्यामुळे डब्यातल्या दोन-तीन समवयस्कांनी आपापल्या लग्नाच्या गोष्टी सांगितल्या, एकाने नंबरही मागितला.

कॅसेट संगणकात उतरवणं म्हणजे तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. घाई चालत नाही. डीव्ही स्वरूपात घेतलं तर तासाला तेरा जीबी जागा जाते, नंतर दाबून ती एक-दोन जीबीवर आणता येते. जुनं चित्र एकाआड एक रेघांनी बनलेलं असतं. ते आजच्या टीव्हीवर तसंच दाखवलं की हात हलला रे हलला, त्याला कंगव्याचे दात फुटतात. ते दात काढायचं काम एका गाळणीत होतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याने ती रात्रभर चालत ठेवायला शिकवली.

मग आला खरा प्रश्न. हे सगळं टीव्हीवर दाखवणार कोण?

सुरुवातीला आम्ही काहीच निवडलं नाही. जुन्या डेस्कटॉपवर डीएलएनएचा साधा सर्व्हर चालू केला. ही सोय बहुतेक टीव्हींत असते. २००३ साली सोनी वगैरे कंपन्यांनी मिळून हा करार केला होता, पुढे ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली पण सोय टीव्हींत राहिली. पडद्यावर फायलींची यादी येते आणि टीव्हीला समजेल ती फाईल चालते. न समजलेली चालत नाही, आणि का चालली नाही ते टीव्ही सांगत नाही. माईने रिमोट माझ्या हातात दिला. तिचं म्हणणं एका वाक्यात होतं: “यात माणसं कुठायत?” यादीत माणसं नव्हती, नावं होती.

दादाला कोडी आवडलं होतं. त्याची गोष्ट त्याने आम्हाला दोनदा सांगितली. मायक्रोसॉफ्टच्या खेळाच्या डब्यावर सिनेमे बघायला काही पोरांनी केलेला प्रोग्रॅम, म्हणून नाव एक्सबॉक्स मीडिया सेंटर. पुढे त्या डब्याशी संबंध उरला नाही तेव्हा २०१४ मध्ये नाव बदलून कोडी. टीव्हीखाली छोटा डबा ठेवायचा, त्यावर हे. दिसायला देखणं, अंगात ताकद भरपूर. पण कोडी हा मुळात बघणारा आहे, वाढणारा नाही. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर माईने अर्धा सोडलेला सिनेमा आतल्या खोलीत पुढे लागत नाही, निदान सरळ हाताने नाही. आणि आमची माई आतल्या खोलीत आडवी होऊनच बघते.

पुतण्याने प्लेक्स लावून दिलं. तेही कोडीच्याच झाडाची फांदी, २००८ मध्ये वेगळी झालेली. पंधरा मिनिटांत पोस्टरांसकट सगळी कपाटं तयार, टीव्हीत त्याचं ॲप आधीच हजर. टीव्हीला न समजणारी फाईल असेल तर संगणक ती जाता जाता बदलून देतो. माई खूश. मग पुतण्याने तिला लॉगिन करायला सांगितलं. आपल्या माळ्यावरच्या संगणकात असलेली आपल्या घरची चित्रं बघायला कंपनीच्या खात्यातून जायचं, हे त्याला अगदी नैसर्गिक वाटतं, कारण तो कायम असंच जगत आलाय. दादा म्हणाला, “शटरची किल्ली परत आली की रे.” २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून आपल्याच फायली बघण्यासाठी पैसे घ्यायला सुरुवात केली आणि आयुष्यभराच्या वर्गणीचा दर १२० डॉलरवरून २५० डॉलरवर नेला. घरातल्या घरात बघणं फुकटच राहिलं, हेही सांगायला हवं. कंपनीला पगार द्यायचे असतात. त्यात वावगं काही नाही. पण न्यू जर्सीतल्या भाच्याला आपल्याच मुंजीची, सॉरी, बारशाची कॅसेट बघायची तर डॉलर मोजायचे, हे ताईला पटेना.

मुंजीचा उल्लेख चुकून आलेला नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलाच्या मुंजीची कॅसेट आमच्याकडे उतरवायला दिली होती. फाईलला नाव दिलं ‘मुंजा’, साल नाही. सर्व्हर अशा नावावरून इंटरनेटवरच्या कोठारात सिनेमा शोधतो आणि पोस्टर चिकटवतो. त्याने २०२४ चा ‘मुंज्या’ हा भुताचा हिंदी सिनेमा शोधला. काकू मुलाची मुंज बघायला हौसेने आल्या आणि पडद्यावर पिंपळावरचं भूत. त्या हसल्या, हे आमचं नशीब.

शेवटी जेलीफिन बसवलं. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या सर्व्हरने आपला कोड झाकून घेतला, तेव्हा काही लोकांनी आधीचा उघडा कोड उचलून वेगळी चूल मांडली, ती ही. फुकट, आणि मधे कोणाचं खातं नाही. दिसायला प्लेक्सइतकं घोटीव नाही. ॲप काही टीव्हींत सहज मिळतं, काहींत खटपट करावी लागते. बाहेरून बघायची वाट आपली आपण बांधायची. पुतण्याने त्यासाठी वायरगार्ड वापरलं आणि भाच्याला त्यातलं कळवताना न्यू जर्सीतली मध्यरात्र केली. ज्यांच्या घरी असा पुतण्या नाही त्यांनी प्लेक्स लावावं, असं मी खुशाल सांगते. आम्ही जेलीफिन घेतलं त्याचं एक कारण असं की त्यात ‘घरचे व्हिडिओ’ म्हणून वेगळं कपाट करता येतं, तिथे ते कुठलं पोस्टर शोधायला जात नाही. दुसरं, माईसाठी पासवर्डशिवाय वेगळं दार. ती फक्त बघू शकते, पुसू शकत नाही. पुसण्याचा अधिकार कोणाला, हे त्या सर्व्हरमध्ये माणसागणिक ठरवता येतं. सेलोटेपवरून भांडलेल्या घराला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आणि जोडाक्षरं. प्रत्येक प्रोग्रॅमला आमची एक परीक्षा होती: फाईलला ‘लक्ष्मीपूजन’ आणि ‘ज्येष्ठा गौरी’ अशी नावं द्यायची आणि टीव्हीवर अक्षरं जुळून येतात का बघायची. सिनेमाप्रेमी लोक प्रोग्रॅम निवडताना आवाजाचे किती मार्ग, चित्राचे किती ठिपके ते बघतात. आम्ही पाय मोडलेला ‘क्ष’ शोधत होतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो नावं ठेवण्यात. सर्व्हरला नाव आणि कंसात साल हवं असतं. सिनेमांचं ठीक. गो. नी. दांडेकर तळेगावात राहायचे, म्हणून आम्ही मावळाचं एक वेगळं कपाट करायचं ठरवलं. त्यांच्या कादंबरीवरचा डॉ. जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ १९७७, ‘पवनाकाठचा धोंडी’ १९६६, आणि राजमाचीची गोष्ट सांगणारा अलीकडचा ‘माचीवरला बुधा’. ‘जैत रे जैत’ची डीव्हीडी हाताशी होती. ‘पवनाकाठचा धोंडी’ची चांगली प्रत आम्हाला अजून मिळालेली नाही, कपाटात त्याची जागा रिकामी ठेवली आहे. जुन्या मराठी सिनेमांची माहिती त्या इंटरनेटवरच्या कोठारात त्रोटक असते, कारण ती लोकांनीच भरायची असते. नटांची नावं ताईने बसून भरली.

पण घरच्या कॅसेटचं साल? आत्याच्या वहीत क्रमांक होते, सालं नव्हती. तिला माहीत होती, मग कशाला लिहायची? तेव्हा आम्ही सगळ्यांनी बसून ती काढली. चुलते नाणे मावळातून आले. त्यांची कालगणना वेगळी आहे. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण १९८७ साली आलं, त्याच्या आधीचं आणि नंतरचं, असे त्यांच्या आयुष्याचे दोन भाग. “हे लग्न आंबेमोहराच्या भातावर झालंय,” त्यांनी पंगत बघून सांगितलं. भात बघून कळतं का, असं पुतण्याने विचारल्यावर ते म्हणाले, “बघून नाही रे, मी तिथं जेवलोय.” साल १९८६ लिहिलं.

विसर्जनाच्या एका मिरवणुकीचं साल मात्र पक्कं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरच्या भूकंपाची बातमी रेडिओवर ऐकल्याचं तिघांना वेगवेगळं आठवत होतं, म्हणजे १९९३. एका लग्नात वऱ्हाडाची बस घाटातून जाताना दिसते आणि द्रुतगती मार्गाचा मागमूस नाही, म्हणजे २००२ च्या पुष्कळ आधीचं. त्याहून जवळ जाता आलं नाही. आणि ताईच्या मुलाच्या बारशात, पाळण्याच्या मागे, कोपऱ्यात आमचा शटरचा टीव्ही उघडा आहे. त्याच्यावर पट्टे सरकतायत आणि पट्ट्यांमधून ‘महाभारत’ चाललंय. ते २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात रविवारी सकाळी लागायचं. म्हणजे बारसं रविवारी होतं, आणि शटरं उघडी म्हणजे आबा खोलीत होते. ताईने ती फाईल थांबवून खोलीतल्या प्रत्येकाचं नाव माईकडून लिहून घेतलं. पाळण्याकडे पाठ करून टीव्ही बघणारे दोन पाहुणे अजून ओळखू आलेले नाहीत.

आवाजाचा प्रश्न माईने काढला. लग्नाच्या कॅसेट लावल्या की ती म्हणे, गाणी बंद कर, ही बोलतायत काय ते ऐकू दे. पुसलेलं ऐकू येत नाही. पण आत्याच्या ट्रंकेत, नाव न लिहिलेल्या दोन कॅसेटमध्ये मिक्सिंगच्या आधीचं कच्चं चित्रण निघालं. त्यात बदाम नाहीत, पाकळ्या नाहीत. सनगनवाल्याला कोणी तरी ‘जरा सरक की’ म्हणतं, आचारी मिठासाठी ओरडतो, आजी कोणाला तरी पाट सरळ ठेवायला सांगते, आणि आत्या एका लांबलचक उखाण्यात मधेच विसरून हसते. जेलीफिनमध्ये एकाच नोंदीखाली दोन प्रती ठेवता येतात. मिक्सिंगवाली दाखवायची, कच्ची बघायची, अशी आता घरात पद्धत पडली आहे. व्यवसाय म्हणून लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी कच्चं चित्रण टाकून देऊ नये, एवढं मी या निमित्ताने सांगून ठेवते. तीस वर्षांनी गिऱ्हाईक तेच मागतं.

आता मुख्य पासवर्डचा प्रश्न उरतो. तो पुतण्याकडे आहे, कारण बसवलं त्याने. दादाला वाटतं तो त्याच्याकडे असावा, कारण घर त्याच्या नावावर. ताईला वाटतं नावं भरली तिने. बोलता बोलता लक्षात आलं की आम्ही तिघंही आबांसारखे बोलतोय. तूर्तास तो आत्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे आणि वही टीव्हीखाली, सगळ्यांच्या हाताशी. पुतण्या म्हणतो ही सुरक्षिततेची थट्टा आहे. असेल. संगणकाला मात्र छोटा यूपीएस जोडलाय, कारण भर पावसात झटक्यात लाईट गेली की नोंदवहीची फाईल तुटते, आणि सालांसाठी चुलत्यांना पुन्हा बोलवावं लागेल. फायलींची दुसरी प्रत तळेगावला मामांच्या घरी असते. तिथे पाऊस बराच कमी.

शिल्लक आहेत अमेरिकेतल्या चुलतभावाच्या कॅसेट. नव्वदच्या दशकात तो हँडीकॅम घेऊन यायचा आणि जाताना एक प्रत आमच्याकडे ठेवायचा. ती तिकडच्या एनटीएससी पद्धतीची. आमच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर ती काळीपांढरी दिसायची आणि वरखाली लोळायची. सर्व्हरला त्याचं काही नाही, उतरवलं की दोन्ही सारखंच. अडलंय ते कॅमेऱ्यावर. त्या छोट्या हाय-एट कॅसेट तपकीर गल्लीतल्या कुठल्याच यंत्रात जात नाहीत आणि त्याचा कॅमेरा तिकडे गॅरेज सेलमध्ये गेला. दादाने आता लोकलच्या डब्यातल्या त्या माणसाला फोन लावलाय. तो म्हणाला, देहूरोडला त्याच्या साडूकडे एक आहे, चालू असावा.